बेन किंग्स्ली – 'गांधी' सोडून काय दाखवू?

तिसरी_घंटा
आमच्या सोसायटीच्या क्लबहाउसात दर महिन्याच्या शेवटच्या शनिवारी पडदा लावून सिनेमा दाखवतात. प्रेक्षक बहुतेक साठीच्या पुढचे, सुट्टी असली की त्यांची नातवंडं. पुढचे तीन महिने ब्रिटिश नट बेन किंग्स्लीचे सिनेमे लावू, असं मी मीटिंगमध्ये सुचवलं आणि चक्क एकमतानं मंजूर झालं. कारण सगळ्यांनी गृहीत धरलं की पहिला 'गांधी'. मला 'गांधी' दाखवायचाच नाहीये.

माझं म्हणणं असं. हा माणूस १९६७ साली रॉयल शेक्सपिअर कंपनीत गेला. हॅम्लेट केला, 'निकोलस निकल्बी'तला पोरांना उपाशी मारणारा हेडमास्तर स्क्वीअर्स केला. १९८२ ला 'गांधी' आला, ऑस्कर मिळालं, आणि आपल्याकडे त्याचं चरित्र तिथंच आटोपलं. त्यानंतर ऑस्करची तीन नामांकनं मिळाली, 'बग्झी', 'सेक्सी बीस्ट' आणि 'हाउस ऑफ सँड अँड फॉग'साठी. यातला एक तरी सिनेमा आपल्यापैकी किती जणांनी बघितलाय? 'शिंडलर्स लिस्ट' पाहिलेला असतो, पण त्यातला तो हिशेबनीस म्हणजे हाच, हे सांगितलं की लोक "काय सांगता!" म्हणतात. गांधींच्या त्या एका भूमिकेनं त्याचं भलं केलं तितकंच नुकसानही केलं, असं मला वाटतं.

तर तीन सिनेमे सुचवा. अटी: सव्वादोन तासांच्या आत, सबटायटल मिळणारे, आणि जोशीकाका मध्येच उठून जाणार नाहीत असे.

टवाळ_टोळ
'सेक्सी बीस्ट' लावा. नोटीस बोर्डावर पोस्टर चिकटवलंत की फोटो टाका इथे.

तिसरी_घंटा
@टोळ, नाव वाचूनच आमचे सेक्रेटरी राजीनामा देतील. तसा तो बऱ्याच दिवसांपासून हवाच आहे म्हणा.

निषाद४
धाग्याच्या मूळ मुद्द्याशीच असहमत. 'गांधी'नं नुकसान केलं म्हणजे काय? तो सिनेमा नसता तर किंग्स्ली हा रॉयल शेक्सपिअर कंपनीच्या गावच्या, स्ट्रॅटफर्डच्या नाटकवेड्यांपुरता मोठा नट राहिला असता. अशा नटांची नावं आपल्यापर्यंत पोचत नाहीत.

मुळात त्याला ती भूमिका मिळाली तीच नाटकामुळे. मोतीलाल कोठारी नावाच्या गृहस्थांनी दिग्दर्शक रिचर्ड ॲटनबरोंच्या डोक्यात हा विषय १९६२ साली घातला. मग वीस वर्षं पैसे, परवानग्या, गांधी कोण करणार, हा घोळ. शेवटी ॲटनबरोंचे चिरंजीव मायकल, जे स्वतः नाटकवाले, त्यांनी सुचवलं की रॉयल शेक्सपिअर कंपनीतल्या त्या किंग्स्लीला एकदा बघा. पडद्यावर तो तेव्हा जवळपास अनोळखीच. १९७२ च्या 'फिअर इज द की'मध्ये एक छोटी भूमिका, बाकी टीव्हीवर थोडंफार.

गंमत म्हणजे बाफ्टावाल्यांनी (ब्रिटनचे सिनेमा पुरस्कार) त्याला एकाच वर्षी दोन पारितोषिकं दिली: सर्वोत्कृष्ट अभिनेता आणि सर्वोत्कृष्ट नवोदित! रंगभूमीवर पंधराएक वर्षं घासून मग 'नवोदित'.

गूळपापडी
नवोदित =)) आमच्याकडे एकांकिका स्पर्धेत चाळिशीच्या माणसाला उदयोन्मुख म्हणून बक्षीस देतात, ते आठवलं.

सुलभामावशी
घंटाताई, तुझं पटतंय, पण 'गांधी'ला इतकं पण झटकू नकोस गं. त्यात आपली माणसं किती आहेत बघ. रोहिणी हट्टंगडी तेव्हा तिशीसुद्धा पार केलेली नव्हती आणि म्हातारपणापर्यंतची कस्तुरबा उभी केली. बाफ्टा मिळालं तिला, सहाय्यक अभिनेत्रीचं. गोखले झाले होते डॉ. लागू. आणि कपड्यांचं ऑस्कर भानू अथय्यांना, आपल्या कोल्हापूरच्या. भारतात आलेलं पहिलं ऑस्कर ते. पुढे २०१२ मध्ये त्यांनी ते जपून ठेवायला अकादमीला परत पाठवून दिलं.

माझे दीर तेव्हा दिल्लीत केंद्र सरकारच्या नोकरीत. अंत्ययात्रेचं शूटिंग ३१ जानेवारी १९८१ ला राजपथावर झालं, खऱ्या अंत्ययात्रेला त्या दिवशी ३३ वर्षं पूर्ण होत होती. पांढरे कपडे घालून या, म्हणून सगळीकडे सांगितलं होतं. भावजी ऑफिसातल्या चौघांना घेऊन गेले. तीन लाखांच्या वर माणूस जमलं होतं म्हणे. सिनेमा लागला तेव्हा त्यांनी तीनदा तिकिटं काढून स्वतःला शोधलं. शेवटी एका ठिपक्याकडे बोट दाखवून "हा मी" असं ठरवून टाकलं आणि आम्हीही मान्य केलं.

कट्ट्यावरचा
मावशी, तुमच्या भावजींना सलाम. ऑस्करविजेत्या सिनेमात काम केलंय हे बायोडेटात टाकायला हवं होतं.

लेस्टरकर
'आपली माणसं' हा विषय निघालाच आहे तर, किंग्स्ली स्वतः कुणाचा?

जन्मनाव कृष्ण पंडित भानजी. ३१ डिसेंबर १९४३, यॉर्कशरमधलं स्नेन्टन गाव. वडील रहिमतुल्ला हरजी भानजी, डॉक्टर, गुजराती खोजा मुस्लिम, जन्म केनियाचा. आई इंग्लिश, नटी आणि मॉडेल. वाढला मँचेस्टरजवळ सॅल्फर्डच्या बाजूला, मँचेस्टर ग्रामर स्कूलमध्ये शिकला. मी राहतो त्या लेस्टरमध्ये अर्धा मोहल्ला पूर्व आफ्रिकेतून आलेल्या गुजरात्यांचा. आमच्या कोपऱ्यावरच्या दुकानातले काका त्याला अजून 'भानजीभाईनो छोकरो' म्हणतात. ओळख ना पाळख.

नाव बदलण्याची गोष्ट त्यानं मुलाखतींत सांगितली आहे. कृष्ण भानजी नावानं ऑडिशन दिली की उत्तर यायचं: काम सुरेख झालं, पण येत्या मोसमात तुम्हाला कुठं बसवावं ते कळत नाही. म्हणजे काय ते समजून घ्या. आजोबा झांझिबारला लवंगेचा व्यापार करायचे, त्यांना लोक 'किंग क्लोव्ह' म्हणायचे. त्यावरून किंग्स्ली. बेन हे वडिलांच्या टोपणनावावरून. वडिलांनीही हरकत घेतली नाही. नाव बदललं आणि कामं मिळायला लागली. आता यातली मेख बघा: भारतीय नाव टाकलं म्हणून नट म्हणून उभा राहिला, आणि जगभर नाव झालं ते एका गुजराती माणसाच्या भूमिकेत.

निषाद४
@लेस्टरकर, हे माहीत होतं पण लवंगेचं माहीत नव्हतं. झकास.

पडद्यामागचा
इथे थोडं कडू बोलतो. मेकअपनं त्याचा रंग गडद केला होता. लंडनला स्क्रीन टेस्टसाठी आपल्याकडून नसीरुद्दीन शहा, स्मिता पाटील, भक्ती बर्वे, रोहिणी हट्टंगडी असे गेले होते. कस्तुरबा भारतीय चालली, नेहरू रोशन सेठ, पटेल सईद जाफरी, मग गांधीच तेवढा तिकडचा का लागला? उत्तर सरळ आहे, पैसा घालणाऱ्यांना इंग्रजी सफाईनं बोलणारा हवा होता. पैशातही आपला वाटा होता हो, एनएफडीसीनं, म्हणजे सरकारी चित्रपट विकास महामंडळानं, घातले होते, त्यावरून आपल्या दिग्दर्शकांनी तेव्हा ओरडाही केला होता.

नसीरनं पुढे 'हे राम'मध्ये गांधी केलाच. मला तो जास्त खरा वाटतो.

निषाद४
'हे राम'मध्ये नसीरच्या वाट्याला किती मिनिटं होती? इकडे विशीतल्या सुटाबुटातल्या बॅरिस्टरपासून बिर्ला भवनातल्या म्हाताऱ्यापर्यंत पन्नासेक वर्षांचा पल्ला आहे. चालण्याकडे लक्ष दिलंय का कधी? आफ्रिकेतल्या भागात टाच आधी पडते, शरीर जरा ताठ, कॉलरनं मान धरून ठेवल्यासारखी. दांडीपर्यंत येता येता पाऊल झपझप, धड पुढे झुकलेलं, बरोबरचे तरुण धापा टाकतायत. हे मेकअपनं होत नाही. चरखा शिकला, वजन उतरवलं, योगासनं केली, तेव्हा कुठे.

सुलभामावशी
आणि हिंदीतला आवाज पंकज कपूरचा! आम्ही हिंदीत पाहिला होता, मला कितीतरी वर्षं वाटायचं की हाच त्याचा आवाज. पंकज कपूर त्यात गांधींचा सचिव प्यारेलाल पण झाला आहे, म्हणजे स्वतःशीच बोलायची वेळ आली असेल बिचाऱ्यावर.

पडद्यामागचा
मावशी, हे भारी आहे. बाकी माझा मुद्दा कायम.

भरतवाक्य
धागा 'गांधी'वर अडकू नये म्हणून जरा मागे जातो. या माणसाचं खरं घर रंगभूमी.

१९६४ साली स्ट्रॅटफर्डला त्यानं शेक्सपिअरच्या नाटकात इयन होमचा तिसरा रिचर्ड पाहिला. भोवळ यायची बाकी होती, असं तो सांगतो. तिथं ठरलं की हेच करायचं. पण मध्ये एक फाटा फुटला होता. १९६६ मध्ये लंडनला 'अ स्मॅशिंग डे' नावाचं नाटक आलं, बीटल्सचे मॅनेजर ब्रायन एपस्टाईन त्याचे निर्माते. त्यात किंग्स्लीनं गाणी रचली आणि गायली. जॉन लेनन आणि रिंगो स्टार यांनी ती ऐकली, आणि लेनननं त्याला गाण्यातच राहा असं सुचवलं. यानं ऐकलं नाही, शेक्सपिअरकडे गेला. लेननचा सल्ला न ऐकलेली माणसं जगात थोडीच असतील.

मग १९७०, दिग्दर्शक पीटर ब्रूकचं 'अ मिडसमर नाइट्स ड्रीम'. जंगल नाही, झाडं नाहीत. पांढऱ्याशुभ्र भिंतींची एक पेटी, वरून लोंबणारे झोके, काठीवर फिरणाऱ्या थाळ्या, सर्कशीतली कसरत करत म्हटलेलं काव्य. किंग्स्ली त्यात डिमिट्रियस. शेक्सपिअर करायची तिकडची रीतच त्या प्रयोगानं बदलली.

आणि १९७५ चा हॅम्लेट. स्ट्रॅटफर्डला कंपनीची 'द अदर प्लेस' म्हणून पत्र्याची शेड होती, नाट्यगृह म्हणायला जीभ रेटणार नाही अशी. प्रेक्षक हाताच्या अंतरावर, आजच्या कपड्यांतला हॅम्लेट. दिग्दर्शिका बझ गुडबडी, वय जेमतेम अठ्ठावीस. प्रयोग सुरू होता होताच तिनं आत्महत्या केली. नटांनी तशातही नाटक बंद पडू दिलं नाही. त्या वेळच्या समीक्षकांनी तो हॅम्लेट डोक्यावर घेतला. ज्यांनी पाहिला त्यांच्यासाठी 'गांधी' ही नंतरची गोष्ट.

ऑस्करनंतर हॉलिवूडला जाऊन बसला असंही नाही. १९८३ मध्ये 'एडमंड कीन' हा एकपात्री प्रयोग ब्रॉडवेवर नेला, दारूनं बुडालेल्या एका जुन्या महानटावर. १९८५ ला परत स्ट्रॅटफर्डला ऑथेल्लो, समोर खलनायक यागो कोण, तर डेव्हिड सुशे. हो, तोच टीव्हीवरचा मिशीवाला डिटेक्टिव्ह पॉइरो.

कट्ट्यावरचा
मिशी लावून यागो?

भरतवाक्य
पॉइरो नंतरचा हो. मिशीला तेव्हा अवकाश होता.

गूळपापडी
भरतवाक्य, प्रतिसाद वाखु (वाचनखूण) म्हणून साठवला.

घंटाताई, माझं मत 'हाउस ऑफ सँड अँड फॉग'ला. इराणच्या शहाच्या काळातला कर्नल बेहरानी, क्रांतीनंतर अमेरिकेत येऊन पडलेला. दिवसभर रस्त्याच्या कामावर मजुरी, रात्री दुकानात गल्ल्यावर. घरी मात्र कुणाला पत्ता नाही. कामावरून सुटला की एका चांगल्या हॉटेलच्या स्वच्छतागृहात जातो, हातपाय धुतो, सूट चढवतो, टाय नीट करतो, आणि साहेबासारखा घरी जातो. त्या सीनमध्ये संवाद नाहीत. तो आरशात बघून टायची गाठ नुसती सारखी करतो आणि त्या माणसाचं सगळं गेलेलं आयुष्य कळतं. बायको झालेली शोहरे अग्दाश्लू पण अफाट.

इशारा: शेवट फार वाईट आहे. शनिवारी दाखवलात तर रविवार जड जाईल.

टवाळ_टोळ
आता जरा गंभीरपणे. 'सेक्सी बीस्ट' (२०००) मी थट्टेत म्हटलं नव्हतं.

निवृत्त चोर स्पेनमध्ये बंगला बांधून, पोहण्याच्या तलावाकाठी ऊन खात सुखात आहे. लंडनहून एक माणूस त्याला शेवटच्या कामाला न्यायला येतो, डॉन लोगन. तो यायच्या आधीच, नुसतं तो येतोय कळल्यावर, टेबलावरच्या चौघांचे चेहरे बघा. मग येतो: तुळतुळीत डोकं, हाफ शर्ट, हात शरीराला चिकटलेले, सरळ ताठ. आणि शिव्या. मशीनगनसारख्या. नाही म्हटलेलं त्याला कळतच नाही. दाढी करताना आरशात स्वतःशी भांडतो. परतीच्या विमानात सिगारेट विझवायला सांगतात तर सगळ्या विमानाला वेठीला धरतो. ज्या चेहऱ्यावर लोकांनी अहिंसा पाहिली होती, त्याच चेहऱ्याची दहशत बसते. भूमिकेचा नमुना कुठून उचलला विचारल्यावर त्यानं आपल्या आईच्या आईचं नाव घेतलंय! कसलं आजोळ असेल.

रे विन्स्टनसारखा आडदांड गडी समोर असून हा पाच फूट काहीतरी माणूस त्याला घाबरवतो. घंटाताईंचा मुद्दा सिद्ध करणारा एकच सिनेमा निवडायचा तर हा.

सुलभामावशी
शिव्या किती आहेत रे नक्की?

टवाळ_टोळ
मावशी, शिव्या काढल्या तर सिनेमा वीस मिनिटांचा उरेल.

पडद्यामागचा
सगळे आरत्या ओवाळतायत म्हणून दुसरी बाजू. 'ब्लडरेन', 'थंडरबर्ड्स', 'द लव्ह गुरू'. त्या शेवटच्यात हा तिरळा गुरू झालाय, हिंदू संघटनांनी निषेध केला होता. मी केला तो विनोदाच्या दर्जाबद्दल. आणि आपला 'तीन पत्ती', २०१०, अमिताभसमोर गणितज्ञ. कुणी पाहिलाय का इथे? खरं सांगा. पुन्हा २००२ च्या नव्या वर्षाच्या ब्रिटिश किताबांच्या यादीत सर झाल्यावर पोस्टरवर 'सर बेन किंग्स्ली' छापून आलं, तिकडच्या पेपरांनी त्याची भरपूर टर उडवली.

निषाद४
'तीन पत्ती' पाहिलाय. अमिताभ आणि तो समोरासमोर बसून गणितावर बोलतात तेवढे सीन बरे, बाकी हरवलेला हिशेब.

सुमार सिनेमे कुणी केले नाहीत? ऑलिव्हिएपासून सगळ्या मोठ्या ब्रिटिश नटांनी पोटासाठी काहीही केलंय, ती तिकडची परंपराच. नाटकाच्या पगारात घर चालत नाही. आणि मिळालेल्या कचऱ्यातही तो काय करतो ते 'आयर्न मॅन ३' मध्ये बघा. जगाला हादरवणारा अतिरेकी म्हणून अर्धा सिनेमा गेल्यावर कळतं की हा एक दारुडा भाडोत्री नट आहे, ट्रेवर स्लॅटरी, आणि क्रॉयडनला आपला लिअर किती गाजला होता ते सांगत बसतो. जन्म शेक्सपिअरमध्ये काढलेला माणूस पडेल शेक्सपिअर नटाची नक्कल करतोय! माझ्या मुलाला तो तेवढ्यामुळेच ठाऊक आहे.

लेस्टरकर
पाच-सात वर्षांची पोरं त्याला 'जंगल बुक'मधला बघीरा म्हणून ओळखतात. म्हणजे घंटाताई, गांधीत अडकला ही काळजी आपल्या पिढीची. पुढच्यांना गांधीच सांगायला लागणार.

'लर्निंग टू ड्राइव्ह' कुणी घेतला नाही अजून. न्यू यॉर्कमधल्या क्वीन्सचा शीख ड्रायव्हिंग मास्तर दरवान, नवऱ्यानं सोडलेल्या बाईला गाडी शिकवतो. पॅट्रिशिया क्लार्कसन आहे, सरिता चौधरी आहे. दीड तासाचा, हलका, जोशीकाका जागेवर राहतील. पगडी, उच्चार, सगळं सांभाळून केलाय. तरी एखाद्या शीख नटाला मिळायला हवा होता असं इथले काही सरदारजी म्हणाले, तेही चूक नाही.

पडद्यामागचा
बघा. आलात ना माझ्याच मुद्द्यावर.

तिसरी_घंटा
सगळ्यांचे आभार. काल मीटिंग झाली. घासाघीस होऊन ठरलं ते असं:

पहिला 'ह्यूगो'. इथे कुणीच त्याचं नाव घेतलं नाही याचं नवल वाटलं. सुट्टीत नातवंडं असतात, दिग्दर्शक स्कोर्सेसीनं लहान मुलांना घेऊन केलेला सिनेमा, आणि किंग्स्ली त्यात जॉर्ज मेलिएस. १९०२ साली चंद्रावरची सफर पडद्यावर दाखवणारा माणूस म्हातारपणी पॅरिसच्या स्टेशनात खेळण्यांचं दुकान घेऊन बसलाय, आपले सिनेमे कुणी आठवूसुद्धा नयेत म्हणून मुलांवर खेकसतोय. दुसरा 'लर्निंग टू ड्राइव्ह', लेस्टरकरांची कृपा. तिसरा 'हाउस ऑफ सँड अँड फॉग', गूळपापडीचा इशारा नोटिशीत छापून.

'शिंडलर्स लिस्ट' लांबीमुळे गेला. पण त्यातली एक जागा सांगितल्याशिवाय राहवत नाही. सिनेमाभर शिंडलर त्या हिशेबनिसाला, स्टर्नला, पेला भरून देतो आणि तो हात लावत नाही. शेवटी छावणी रिकामी व्हायची वेळ येते, शिंडलर म्हणतो हे सगळं संपल्यावर आपण बरोबर पिऊ असं म्हणणार होतो, आणि स्टर्न म्हणतो, मग आत्ताच घेतो. चष्म्याआडून बघत पेला तोंडाला लावतो. त्या भूमिकेत त्यानं आवाज एकदाही चढवलेला नाही.

कमिटीनं 'गांधी' २ ऑक्टोबरला वेगळा ठेवलाय, मध्यंतरात साबुदाणा वडा. मी हरले नाही, तह झालाय.

टवाळ_टोळ
आणि 'सेक्सी बीस्ट'?

तिसरी_घंटा
तो तुझ्या घरी. मी, गूळपापडी आणि सुलभामावशी येतोय.

सुलभामावशी
येतेय. कानात कापूस घालून.

गूळपापडी
@भरतवाक्य, त्या स्क्वीअर्सचं किंवा हॅम्लेटचं रेकॉर्डिंग कुठे बघायला मिळेल का?

भरतवाक्य
'निकल्बी'चं चित्रीकरण झालंय, पण तोवर किंग्स्ली त्यातून बाहेर पडला होता. त्यात स्क्वीअर्स ॲलन आर्मस्ट्राँग आहे, तोही चांगला आहे. त्यामुळे किंग्स्लीसाठी म्हणून घेऊ नका. त्याऐवजी बीबीसीच्या शेक्सपिअर मालिकेतलं १९८२ चं 'मेरी वाइव्ज ऑफ विंडसर' शोधा. तो संशयी नवरा फोर्ड झालाय, रिचर्ड ग्रिफिथ्स फॉल्स्टाफ. बायकोच्या कपड्यांच्या टोपलीत डोकं घालून प्रियकर शोधणारा, रागानं घामाघूम झालेला हा माणूस त्याच सुमारास दांडीला चालत गेला होता, यावर विश्वास बसत नाही.

आणि ट्रेवर नन यांचा १९९६ चा 'ट्वेल्फ्थ नाइट'. त्यात तो विदूषक फेस्ट, आणि गाणी स्वतः म्हणतो. लेननचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. माझ्याकडे डीव्हीडी आहे, पुण्यात असाल तर घेऊन जा. परत आणून द्या मात्र, मागची दोन गेलीत.